गाठोड्यातली काडीपेटी

१

धूर अजून पुरता निघून गेला नव्हता, तोच गुन्हेगार सापडला. भुजंगरावांना पहिली शंका आली ती यामुळंच. निजाम सरकारच्या पोलिसात जमादारी करत त्यांनी केस पांढरे केले होते. तेवढ्या नोकरीत एकही गुन्हेगार इतक्या सोयीनं त्यांच्या हाती लागला नव्हता.

सेहेचाळीस सालचा हंगाम. जालन्यात बालकिशन शेठची कापसाची जिनिंग होती. कापसातून सरकी काढणाऱ्या रेच्यांची लांबलचक रांग आणि प्रत्येक रेच्याच्या तोंडाशी कापूस भरवत उभ्या असलेल्या बाया. पेन्शन घेऊन घरात बसवेना म्हणून भुजंगराव तिथं फाटकावर बसत. आत जाणाऱ्याची काडीपेटी काढून घ्यायची, खोलीतल्या कोनाड्यात ठेवायची, संध्याकाळी ज्याची त्याला परत द्यायची, एवढंच त्यांचं काम. कापसाच्या ठिकाणी एक काडी पुरते.

यंदा मजदूर सभेनं त्यांच्या गळ्यात आणखी एक काम घातलं. दिवाळीनंतर सभेनं संप केला आणि शेठला वाकवलं. बायांना प्यायच्या पाण्याचे रांजण आले. तान्ह्या लेकरांच्या झोळ्या बांधायला ओसरी मोकळी झाली. मुकादमाचं तोंड आणि हात दोन्ही आवरले. भुजंगरावांना हे सगळं मनापासून पटलं होतं. पण करारात शेवटी एक अट होती. जिनिंगमधल्या प्रत्येकानं सभेचं सभासद व्हायचं आणि पत्र्याचा लाल बिल्ला लावायचा. पुरुषांनी सदऱ्याला, बायांनी पदराला. बिल्ला नाही त्याला काम नाही. आणि तो रोज सकाळी तपासायचा कुणी? जमादारानं! शिवाय जमादारानं स्वतःही लावायचा. चांगलं काम करणाऱ्या माणसांना हे असले नसते हुकूम का सुचतात, या विचारानं भुजंगराव रोज सकाळी बिल्ला लावताना चिडत, आणि चिडत चिडत लावत.

एकाच बाईनं लावला नाही. चतुराबाईनं. तिला अमावस्येपर्यंत मुदत दिली होती. ती मुदत संपायच्या आधीच एका दुपारी रेच्याजवळ आग लागली, एक मोठा ढीग जळाला, आणि विझवल्यावर मुनीमजींनी फाटकाच्या आतल्या कडुनिंबाखाली ठेवलेली बायांची गाठोडी सोडली. चतुराबाईच्या गाठोड्यात भाकरीखाली काडीपेटी होती.

"उद्या दुपारी पोलीस ठाण्यातून अमीनसाहेब येतात," बालकिशन शेठ म्हणाले. "तोवर बाईला कोठीत ठेवा. जमादार, बाहेरून कडी लावा."

भुजंगरावांनी कडी लावली. लावताना त्यांच्या ध्यानात आलं की काडीपेटी जर तिच्याकडे होती, तर ती आत गेली त्यांच्याच हाताखालून.

२

कोठीत सरकीच्या पोत्यांवर चतुराबाई बसली होती. हसनाबादची ही विधवा बाई, जालन्यात तिचं दुसरं कुणी नव्हतं. हे काम गेलं तर तिला परत जायलाही घर नव्हतं. आग विझवताना घागरी अंगावर घेतल्यानं ती डोक्यापासून पायापर्यंत भिजली होती आणि कुडकुडत होती. भुजंगरावांनी आपली घोंगडी तिच्या अंगावर टाकली.

"खरं सांग बाई. आग लावलीस?"

"म्या कशाला लावू जमादार? माझी भाकर जळंल की त्यात."

"मग सगळ्यांशी वैर घेऊन बिल्ला का लावत नाहीस?"

तिचे ओठ थंडीनं थरथरत होते, पण बोलताना ती थांबली नाही. "संपात फाटकाला सगळ्यांच्या आधी मी बसले व्हते. तवा कोणी म्हणलं न्हाई, तू सभासद हायस का म्हणून. संप जिंकला, अन् मंग हेच मला हुकूम करून राह्यले. शेठचा ऐका, मुकादमाचा ऐका, आता सभेच्या मच्छिंद्राचा बी ऐका! वर्गणी मागितली, दिली. पर ते पत्र्याचं म्या लावणार न्हाई. मी काय कोणाचं जनावर हाय?"

भुजंगरावांना तिचं पटलं, आणि पटल्याचाच राग आला. बाई थोडी वाकली असती तर आज कोठीत नसती.

"आग कुठून लागली ते पाहिलंस?"

"नंदाबाई अन् मी शेजारी उभ्या व्हतो. दोघीत एकच ढीग. रेच्याच्या पोटातून धूर आला. मी वरडले, अन् पाण्याला पळाले."

"गाठोड्याकडे गेल्तीस?"

"भोंग्यापासून आतच व्हते. आग इझल्यावर समद्यांसंगं चौकात बसले. तिथून मुनीमानं उठवलं."

भुजंगराव बाहेर आले. मुनीमजींच्या गादीवर ती काडीपेटी पुरावा म्हणून ठेवली होती. त्यांनी ती उचलून एक काडी ओढली. चर्रकन पेटली. त्यांनी ती विझवली आणि काडीपेटी बोटांनी चाचपून पाहिली.

भिजलेल्या बाईजवळची काडीपेटी कोरडी कशी?

३

हिशेब सरळ होता. काडीपेटी आत वापरली असती तर ती बाईबरोबर भिजली असती. बाहेर गाठोड्यातच होती म्हणावं, तर आतली आग तिनं लावलेली नाही. म्हणजे आग लागल्यानंतर कुणीतरी ती गाठोड्यात ठेवली. सगळे पाण्यासाठी धावत होते तेव्हा फाटकाच्या खोलीत कुणीच नव्हतं. खुद्द जमादारही हौदावर होते. आणि कोनाडा काडीपेट्यांनी भरलेला होता.

भुजंगरावांचा संशय आधी मुनीमजींवर गेला. बद्रीनारायण मुनीम. सभेचं नाव काढलं की यांच्या कपाळाला आठी पडायची. आणि काडीपेटी सापडली ती यांनाच.

"क्या बात करताय जमादार!" मुनीमजी भडकले. "मी हौदावर तुमच्या बाजूला बालट्या भरत होतो. धोतर देखो, अजून ओलं आहे. तुम्हीच तर ओरडत होते, मुनीमजी जल्दी!"

हे बिलकुल खरं होतं. पहिल्या आरोळीपासून शेवटच्या बादलीपर्यंत मुनीमजी त्यांच्या डोळ्यांसमोर होते. एक चांगला संशयित हातचा गेला याचं भुजंगरावांना मनापासून वाईट वाटलं.

"बरं, मग गाठोडी तपासायचं तुम्हालाच कसं सुचलं?"

"मला कहां सुचतं? मच्छिंद्र बोलला. सभेवर बालंट नको म्हणे, सगळ्यांची गाठोडी बराबर तपासा."

मच्छिंद्र सभेचा सेक्रेटरी. रेच्यांच्या दांड्याला तेलपाणी करणारा, तरणाबांड, तोंडाचा फटकळ. मुकादमानं एका बाईवर हात टाकला होता तेव्हा मध्ये पडला होता तो हाच. भुजंगरावांना हा पोरगा आवडायचा. तो फाटकासमोरच्या हॉटेलात बसला होता. ओठात विडी होती. त्यानं चुलीतला निखारा चिमट्यानं उचलून ती पेटवली आणि मान वर केली.

"जमादार, तिची वकिली करून राह्यलात का? बाई पहिल्यापून सभेच्या आडवी. नियम म्हणजे नियम. एकीला सूट दिली की उद्या दहा जणी बिल्ला काढतील, परवा शेठ रांजण फोडंल."

"बिल्ल्यावाचून ती संपात बसली होती की रे."

"संप एक दिवसाचा नसतो जमादार. रोजचा असतो. शेठच्या पुढं एकटा माणूस काय कामाचा? म्हणून सगळे पाह्यजेत."

कोठीत बाईचं पटलं, हॉटेलात या पोराचं पटलं. आपल्या डोक्याला स्वतःचं असं काही मत आहे की नाही, असं त्यांना वाटून गेलं. ते चहा न पिताच उठले आणि जळलेला रेचा पाहायला आत गेले.

तिथं त्यांच्या आधी कुणीतरी जाऊन आलं होतं.

४

सगळीकडे ओली काळी राख पडली होती. फक्त एका रेच्याचं पोट स्वच्छ होतं. त्यातली राख कुणीतरी हातानं झाडून काढली होती. सफाईचं काम तर शेठनं उद्यावर टाकलं होतं.

भुजंगराव गुडघे टेकून वाकले. उरलेल्या ढिगाचा तळ पांढरा होता, वरचा थर जळाला होता. काडी लावणारा माणूस वाकून ढिगाच्या बुडाला लावतो. इथं आग रेच्याच्या बाजूनं वरून उतरली होती. रेच्याच्या आत चामड्याचा रूळ एका जागी खोल जळाला होता आणि त्याच जागेसमोर पोलादी पात्याला ताजी खाच पडली होती.

म्हणजे कापसातून काहीतरी टणक आत गेलं, पात्याला घासलं, ठिणगी पडली. असं होतं. कापसात खडा आला की होतं, म्हणून तर बाया कापूस हातानं विस्कटून घालतात. तो दैवाचा भाग. त्यात कुणी कुणाला बोल लावत नाही.

पण मग खडा गेला कुठं? खडा उचलून न्यायची कुणाला गरज पडते? आणि खड्यासाठी एखाद्या बाईच्या गाठोड्यात काडीपेटी कोण ठेवील?

आत गेला तो खडा नव्हता. ज्याच्यामुळं कुणाचं तरी नाव पुढं आलं असतं, असं काहीतरी होतं. भुजंगराव उठताना गुडघ्याला हात लावून कण्हले, आणि त्यांची नजर स्वतःच्या सदऱ्याकडे गेली. तिथं लाल बिल्ला लटकत होता. मागची पिन नेहमीसारखी उघडली होती.

५

दुसऱ्या दिवशी रेचे बंद होते, पण सफाईला सगळ्यांना बोलावलं होतं. भुजंगराव फाटकावर उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी बिल्ले मन लावून तपासले.

महिनाभरात सगळ्यांच्या बिल्ल्यांचा रंग उडाला होता. कडेला तेल आणि रुईची कीट बसली होती. बाया एकामागून एक पदर पुढं करत गेल्या. मग मच्छिंद्राची बायको नंदाबाई आली. तिच्या पदरावरचा बिल्ला दुकानातून आणल्यासारखा लखलखत होता. पदराला, जिथं बाकीच्यांचे बिल्ले होते नेमकं तिथंच, फाटलेलं शिवलं होतं. दोरा ताजा होता. तिनं मान वर केली नाही.

तिच्या मागून मच्छिंद्र आला. भुजंगरावांनी हात पुढं केला.

"काडीपेटी."

"न्हाई आज."

"आज नाही. काल संध्याकाळीही तू मागितली नाहीस. सगळ्यांनी आपापली नेली, कोनाडा रिकामा झाला, एकाचीही कमी पडली नाही. सकाळी तर तू माझ्या हातात दिल्तीस. मग काल हॉटेलात निखाऱ्यावर विडी का पेटवली?"

भुजंगरावांनी त्याला दंडाला धरून खोलीत नेलं आणि दार लावलं.

"नंदाबाईचा बिल्ला कापसात पडला. रेच्यात गेला. तो तू काढलास. बरोबर?"

"तिला कळलं बी न्हाई जमादार." मच्छिंद्र भिंतीला टेकून खाली बसला. "खाली वाकून कापूस उचलते, पिन निघते. आग इझवताना मला रुळाशी तो दिसला, वाकडा होऊन अडकलेला. मला घामच फुटला. सभेच्या बिल्ल्यानं जिनिंग जळाली म्हणल्यावर शेठ काय करंल? करार फाडंल. रांजण जातील, ओसरी जाईल, मुकादम पुन्हा हात टाकंल. दोनशे माणसाचं जाईल."

"म्हणून एका बाईचं घालवलंस."

"एकटी हाय ती. सभासद बी न्हाई."

भुजंगरावांचा हात उठला होता. त्यांनी तो आवरला. या पोराला थोबडवावं, तर तो म्हणत होता त्यातला प्रत्येक शब्द खरा होणार होता. शेठ करार फाडणारच. आणि गप्प बसावं, तर कोठीतली बाई अमीनाच्या हवाली होणार. सगळ्यांसाठी म्हणून काढलेली सभा एका बाईला बाहेर ठेवते, आणि तिच्यावाचून बाकीच्यांचं भागतही नाही. असल्या भानगडीत खरं शोधून तरी कुणाचं भलं होतं?

बाहेर टांगा थांबल्याचा आवाज आला. अमीनसाहेब वेळेच्या आधीच पोचले होते.

"जमादार," मच्छिंद्र हात जोडून म्हणाला, "खडा व्हता म्हणा. तिला बी सोडा, अन् आम्हाला बी."

"आणि गाठोड्यात काडीपेटी काय खड्यानं ठेवली?"

६

चौकात सगळे जमले. अमीनसाहेबांसाठी खुर्ची आली, चहा आला. चतुराबाईला कोठीतून आणून उभं केलं. घोंगडी अजून तिच्या खांद्यावर होती.

भुजंगरावांनी सगळं सांगितलं. कोरडी काडीपेटी, पात्यावरची खाच, झाडून काढलेली राख, निखाऱ्यावरची विडी. नंदाबाईचं नाव घ्यायच्या आधी ते अडखळले. तेवढ्यात तीच पुढं आली.

"बिल्ला माझा व्हता," ती म्हणाली. "पडला ते मला ठाऊक न्हाई. पर संध्याकाळी घरी मालकानं नवा लावायला सांगितला, तवा कळलं. चतुराबाई, म्या गप बसले."

"माझ्या शेजारी उभी व्हतीस गं," चतुराबाई एवढंच म्हणाली.

अमीनसाहेबांनी चहा संपवला. कुणालाच नेण्यात आता मजा नव्हती, म्हणून ते वैतागून निघून गेले. शेठ मात्र खुशीत होते. भुजंगरावांनी त्यांच्या चेहऱ्यावर ती खुशी पसरताना पाहिली.

"सुन लिया सबने?" बालकिशन शेठ म्हणाले. "तुमच्या सभेनं माझा कापूस जाळला आणि गरीब बाईवर खोटा आळ घेतला. करार खतम! बिल्ले इथं टाका. ओसरीतल्या झोळ्या काढा, तिथं आता रुई ठेवायची. चतुराबाई, तुझं काम पक्कं. उद्यापासून तू बायांवर मुकादम."

एकेक जण पुढं येऊन बिल्ला टाकत गेला. पत्र्यावर पत्रा पडल्याचा आवाज होत राहिला. मच्छिंद्र सगळ्यात शेवटी आला. त्यानं बिल्ला टाकला आणि कुणाकडं न पाहता भिंतीशी जाऊन उभा राहिला. भुजंगरावांनीही आपला काढला. महिनाभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता, आणि त्यात काडीचाही आनंद नव्हता.

तरी एक गोष्ट झाली होती. बाईची भाकर वाचली होती. तेवढ्यावर रात्री त्यांनी स्वतःची समजूत घातली.

सकाळी भोंगा वाजला तेव्हा चतुराबाई सगळ्यांच्या आधी आली. भुजंगरावांनी तिच्यासाठी फाटक पुरतं उघडलं. तिनं घडी केलेली घोंगडी त्यांच्या हातात दिली, आत ओसरीकडं पाहिलं, जिथं झोळ्यांच्या जागी रुईची पोती लागली होती, आणि फाटकाच्या बाहेर मातीत बसली.

"आत जा," भुजंगराव म्हणाले.

"झोळ्या बांधू द्या. मंग जाते."

"तुला तर लेकरू पण नाही!"

"हिला हाय," ती म्हणाली. मागून नंदाबाई आली होती, काखेत पोर घेऊन. ती दूर उभी होती, जवळ यायची तिची हिंमत होत नव्हती. चतुराबाईनं तिला हातानं जागा दाखवली. मग दुर्गाबाई बसली, झुंबरबाई बसली. बाया येत गेल्या आणि बसत गेल्या. मच्छिंद्र आला तशी चतुराबाई म्हणाली, "तू तिकडं, मागं बस. आज तू बोलायचं न्हाई." तो मागं जाऊन बसला.

भुजंगरावांचा संताप अनावर झाला. "अगं, या लोकांनी तुला अमीनाच्या हाती दिलं होतं! तुला सोडवायला मी गुडघे फोडून घेतले, नाही नाही ते बोललो, या पोराचं वाटोळं केलं. आणि तू बाहेर बसतेस? मुकादमी चालून आली होती!"

"तुमचे उपकार हायेत जमादार," चतुराबाई शांतपणे म्हणाली. "काडीपेटीचं खोटं व्हतं, ते तुम्ही खोटं केलं. झोळ्याचं मागणं खोटं न्हाई."

आतून मुनीमजींची हाक आली. "जमादार! भोंगा होऊन गेला. फाटक बंद करा, जो बाहर है वो बाहर!"

हुकूम, पुन्हा हुकूम. भुजंगरावांनी कमरेची किल्ली काढली. या बाईला आत ढकलावं की हिच्या पाया पडावं, हे त्यांना ठरवता येईना, आणि ठरवता येईना म्हणून ते आणखीच चिडले. मग ते फाटकाच्या बाहेर आले, फाटक ओढून घेतलं, बाहेरून कुलूप लावलं आणि घोंगडी अंथरून बसले. किल्ली पाहिजे असेल तर शेठनं फाटकाशी येऊन मागावी.